बंद नळी

कराडच्या कॉलेजात, मागच्या इमारतीत,
जिथं आम्लाच्या वासाला एकच खिडकी आहे,
कुंभोजकर मॅडम ट्रे पुढं सरकवतात.
बारा दगड. नंबर घातलेले, नावं नाहीत.
"नाव शेवटी," म्हणतात, "आधी दगडाला विचारा."

आधी नख.
मग तांब्याचा जुना पैसा, मग चाकू, मग काच.
कोण कुणावर ओरखडा काढतं
एवढ्यावरून पायरी ठरते.
वर्गात हसू आलं ते फक्त मला.
गावात आमची पायरी
याहून कमी तपासात ठरवली होती.

मग कस.
खरबरीत पांढऱ्या फरशीवर दगड ओढायचा.
हेमॅटाइट वरून लोखंडासारखा काळा,
रेघ मात्र वाळल्या रक्ताची.
पायराइट सोनं म्हणून मिरवतो
आणि रेघ ओढतो तव्याच्या बुडाची.

माझा बाप तिमण्णा विहिरी फोडतो.
दगडावर हातोडा टेकवून, हलकेच मारून ऐकतो.
ठण् म्हणाला की अखंड.
ठक् म्हणाला की भेग.
आणि बद् म्हणाला की बाजूला हो, आत पोकळ आहे.
जर्नलमध्ये रंग, चकाकी, पाटन, भंग,
सगळ्यांना रकाने आहेत.
आवाजाला नाही.

गेल्या मंगळवारी कुकुडवाडच्या माळावर
अठ्ठावन्न फुटांवर दगड बद् म्हणाला.
काठावरचे सगळे खाली वाकले,
मालक तर चपला काढून.
पोकळी निघाली. कोरडी.
आत गुलाबट पांढरे स्फटिक,
कडब्याच्या पेंढ्या मधोमध आवळून
कुणी रचून ठेवाव्यात तसे.
मालकानं बापाकडं असं पाहिलं
जणू पाणी यानंच कुठं दडवलंय.

एक पेंढी बापानं टॉवेलात बांधून आणली.
"तुझ्या बाईंना विचार, ह्याला काय म्हणतात."

तेरावा दगड.
नखानं नाही. पैशानंही नाही. चाकूनं, हो.
कस पांढरा.
आम्लाचा थेंब टाकला, फसफसला नाही,
म्हणजे कॅल्साइट गेला.
पाटन एकाच दिशेला,
तिथं शिंपल्याच्या आतल्या अंगाची चमक.
हवेत तोलला, पाण्यात तोलला,
दोन पूर्णांक एक.
बापाच्या टॉवेलात याहून जड वाटला होता.

मग बंद नळी.
एका टोकाला मिटलेली काच, तळाशी चिमूटभर खडा,
खाली बर्नरची निळी जीभ.
खडा फुगला, अळीसारखा वळला, पांढराफेक झाला,
आणि नळीच्या वरच्या थंड अंगावर
आधी धुकं,
मग मोहरीएवढे थेंब,
मग एक थेंब शेजारच्याला जाऊन मिळाला
आणि जड होऊन
काचेवरून ओघळला.

"जिओलाइट," मॅडम म्हणाल्या, "बहुतेक स्टिल्बाइट.
लाव्हा निवल्यावर पोकळीत पाणी शिरलं,
त्यानं हे घडवलं, आणि थोडं आतच राहिलं."
एवढं बोलून त्या पलीकडच्या टेबलाकडं धावल्या,
तिथं कुणीतरी बोट भाजून घेतलं होतं.

निरीक्षण: नळीच्या भिंतीवर पाणी.
अनुमान: जिओलाइट.
शेऱ्यात मी लिहिलं:
कुकुडवाड, अठ्ठावन्न फूट, पाणी लागलं.
त्याभोवती लाल गोल आला. पुन्हा लिहा.

रात्री बापाला सांगितलं.
त्यानं नाव दोनदा तोंडात घोळवलं, स्टिल, बाइट,
बसेना, सोडून दिलं.
मग भाकरी मोडता मोडता विचारलं,
"किती निघालं?"

"दीड थेंब."

"गोडं होतं?"

याची तपासणी पुस्तकात नाही.
पण नळी मी धुतली नव्हती,
बूच लावून
कपाटात मागं ठेवली आहे.